मध्यमवयीन स्त्रियांमधील मौखिक एचपीव्ही संसर्ग : जोखीम वाढवणारे घटक

मानवी पॅपिलोमा विषाणू, म्हणजेच एचपीव्ही, तोंडाच्या किंवा घशाच्या आतल्या अस्तरात शिरला की त्याला मौखिक एचपीव्ही संसर्ग म्हणतात. या विषाणूचे २०० हून अधिक प्रकार माहीत आहेत. त्यांतले डझनभर कॅन्सरला कारणीभूत ठरतात आणि एचपीव्हीमुळे होणाऱ्या घशाच्या कॅन्सरमध्ये सर्वांत मोठा वाटा एकट्या १६ क्रमांकाच्या प्रकाराचा असतो. टॉन्सिलमधल्या खोल खाचा आणि जिभेचे मूळ इथे तो मुक्काम करतो. दुखणे, फोड, चट्टा असे काहीच होत नाही, त्यामुळे लागण झाल्याचे बहुतेकींना कळतही नाही. बहुतेक वेळा शरीर स्वतःच वर्ष-दीड वर्षात विषाणूला हटवते. खरा धोका वर्षानुवर्षे टिकून राहिलेल्या लागणीचा असतो.

स्त्रियांमध्ये हा संसर्ग पुरुषांपेक्षा कमी आढळतो. अमेरिकेत २००९-१० मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत १४ ते ६९ वयोगटातल्या पुरुषांत तो १०.१ टक्के, तर स्त्रियांत ३.६ टक्के होता. त्याच पाहणीत वयानुसार दोन चढ दिसले, एक तिशीच्या सुरुवातीला आणि दुसरा साठीच्या आसपास. म्हणजे हा केवळ कॉलेजवयीन मुलींचा विषय नाही. मुले मोठी झालेली, पाळी जायच्या वाटेवर असलेली बाईही यात येते, आणि तिच्याशी या विषयावर सहसा कोणी बोलत नाही.

सर्वांत ठळक घटक लैंगिक संबंधांचा, त्यातही मुखमैथुनाचा. आयुष्यातल्या आणि अलीकडच्या काळातल्या जोडीदारांची संख्या वाढते तशी लागणीची शक्यता वाढते. वर सांगितलेल्या पाहणीत कधीच संबंध न आलेल्यांमध्ये प्रमाण एक टक्क्याच्या आत होते, संबंध आलेल्यांमध्ये साडेसात टक्के. पण इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. एकाच पुरुषाशी आयुष्यभर संसार केलेल्या बाईलाही ही लागण होऊ शकते, कारण नवऱ्याचा पूर्वीचा किंवा बाहेरचा संबंध तिच्यापर्यंत पोहोचतो. विषाणू वर्षानुवर्षे सुप्त राहून प्रतिकारशक्ती मंदावल्यावर पुन्हा डोके वर काढू शकतो. त्यामुळे लागण आज सापडली म्हणून ती आजचीच, असे म्हणता येत नाही. अहवालावरून बाईच्या चारित्र्याचा निवाडा करणाऱ्या घरांना आणि कधीकधी दवाखान्यांनाही हे नीट समजावून सांगण्याची गरज आहे. नुसत्या चुंबनातून लागण होते का, याबद्दलचे पुरावे एकमेकांशी जुळत नाहीत.

गर्भपिशवीच्या तोंडाशी एचपीव्ही असलेल्या स्त्रीच्या तोंडातही तो सापडण्याची शक्यता इतर स्त्रियांपेक्षा कितीतरी जास्त असते. एचआयव्हीसह जगणाऱ्या, अवयव प्रत्यारोपणानंतरची किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्या स्त्रियांमध्ये लागण अधिक होते आणि अधिक काळ टिकते. हिरड्यांचे जुने आजार आणि तोंडाची अस्वच्छता यांचाही संबंध काही अभ्यासांत दिसला आहे, मात्र तो तितका पक्का नाही.

तंबाखूचा मुद्दा नाशिकमध्ये वेगळ्या नजरेने पाहावा लागतो. पाश्चात्त्य अभ्यासांत मुख्यतः सिगारेट मोजली जाते. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत छाटणीला, थिनिंगला (घडातले जादा मणी काढायला) येणाऱ्या पेठ-सुरगाण्याच्या बाया असोत की शहरातल्या वस्त्यांमधल्या, इथली सवय मिश्रीची. तंबाखू तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची, कुटून पूड करायची आणि तर्जनीने हिरड्यांवर घासून ती तशीच तोंडात धरायची. सकाळी पोट साफ व्हावे म्हणून सुरू झालेली मिश्री पुढे दिवसातून अनेकदा लागते. अमेरिकेतल्या पाहणीवर आधारलेल्या २०१४ च्या एका शोधनिबंधात शरीरातले तंबाखूचे अंश जितके जास्त, तितका तोंडात १६ क्रमांकाचा प्रकार सापडण्याचा संभव जास्त, असे दिसले. तंबाखूमुळे तोंडातली स्थानिक प्रतिकारशक्ती दुबळी होत असावी, असा त्यावरचा तर्क आहे. तरी दोन आजारांची गल्लत करू नये. मिश्री, गुटखा, सुपारी यांतून गालाच्या आत आणि हिरड्यांवर होणाऱ्या कॅन्सरला विषाणूची गरजच पडत नाही आणि भारतात तोंडाचे बहुसंख्य कॅन्सर याच वाटेने येतात. एचपीव्हीचा कॅन्सर मागे, घशात होतो. नाशिकच्या चाळिशीतल्या बाईसाठी आजही मिश्री सोडणे हे तोंडातल्या एचपीव्हीच्या कोणत्याही तपासणीपेक्षा मोठे संरक्षण आहे.

मौखिक एचपीव्हीसाठी सर्वांनी करून घ्यावी अशी मान्यताप्राप्त चाळणी तपासणी अजून नाही. संशोधनात अर्धा मिनिट गुळण्या करायला लावून ते पाणी प्रयोगशाळेत तपासतात. त्यातून लागण दिसते, कॅन्सर होणार की नाही ते कळत नाही. गर्भाशयमुखाची तपासणी मात्र उपयोगाची ठरलेली आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एचपीव्हीच्या एकाच तपासणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू निम्म्याच्या आसपास घटले होते. सरकारी कार्यक्रमात तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तिन्हींची तपासणी धरलेली आहे. आशाताई बोलवायला येतात तेव्हा बाया रक्तदाब मोजून घेतात आणि पडद्यामागे जायचे टाळतात. त्या तपासणीसाठीही थांबायला हवे.

लस नवी लागण रोखते, आधीची घालवत नाही. कोस्टा रिकातील चाचणीत लस घेतलेल्या तरुण स्त्रियांमध्ये चार वर्षांनी १६ आणि १८ या प्रकारांची मौखिक लागण सुमारे ९३ टक्क्यांनी कमी आढळली. पुण्यात तयार होणाऱ्या सर्व्हाव्हॅक लशीला २०२२ मध्ये ९ ते २६ वयोगटासाठी मंजुरी मिळाली. अमेरिकेत २०१८ पासून नऊ प्रकारांवरची लस ४५ वर्षांपर्यंत देता येते, पण वय वाढेल तसा तिचा लाभ घटतो, म्हणून चाळिशीत निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

मानेत एका बाजूला न दुखणारी गाठ, गिळताना अडकल्यासारखे वाटणे, एकाच कानात ठणका किंवा एकच टॉन्सिल मोठा दिसणे, यांतले काहीही तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकले तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. जिल्हा शासकीय रुग्णालयात त्यांची ओपीडी असते. दाताच्या डॉक्टरकडे गेलात तर घशाच्या मागच्या बाजूलाही बॅटरी मारून पाहायला सांगावे.