नेत्रविभागाच्या बातमीत नेमके काय वाचावे

विद्यापीठांच्या नेत्रविभागांतून बाहेर पडणाऱ्या बातम्यांचा साचा साधारण ठरलेला असतो. कोणा प्राध्यापकांना संशोधनासाठी अनुदान मिळालेले असते, एखाद्या निवासी डॉक्टरांचा शोधनिबंध नामांकित नियतकालिकात छापून आलेला असतो, विभागात नवे यंत्र दाखल झालेले असते किंवा एखाद्या उपचाराची चाचणी पहिल्या रुग्णावर सुरू झालेली असते. वाचक एक तर ही कौतुकाची औपचारिकता समजून पान उलटतो, नाही तर ‘अंधांना दृष्टी मिळाली’ एवढेच लक्षात ठेवतो. दोन्ही वेळा एक प्रश्न विचारायचा राहून जातो: डोळ्यात फरक पडला हे कशावरून ठरवले, म्हणजे तो मोजला कसा? गेल्या पाऊणशे वर्षांतील नेत्रवैद्यकाकडे पाहिले, तर विद्यापीठीय विभागांची मोठी कामगिरी उपचाराइतकीच या मोजमापात आहे, असे मला वाटते.

अशा कामाला डोळा फार सोयीचा आहे. त्याचा पुढचा भाग पारदर्शक असल्यामुळे जिवंत माणसाच्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूचे टोक कुठेही चिरा न देता पाहता येते. डोळे दोन असल्यामुळे एकावर उपचार करून दुसरा तुलनेसाठी ठेवता येतो. डोळा लहान आणि बंदिस्त असल्याने औषधाचा एक थेंबही पुरतो आणि ते शरीरभर फारसे पसरत नाही. शिवाय डोळ्याच्या आत रोगप्रतिकारशक्ती काहीशी संयमाने वागते. पीटर मेडावार यांनी 1948 साली प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले होते, की इतरत्र नाकारली जाणारी परकी त्वचा डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात अधिक काळ टिकू शकते.

त्याच सुमारास लंडनच्या सेंट थॉमस या शिक्षण-रुग्णालयात हॅरोल्ड रिडली मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया करत होते. गढूळ झालेले भिंग काढून टाकल्यावर रुग्णाला आयुष्यभर जाड काचांचा चष्मा वापरावा लागे. शस्त्रक्रिया पाहणाऱ्या एका विद्यार्थ्याने, काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरे बसवणार नाही का, असे विचारल्याची हकिगत सांगितली जाते. रिडलींच्या हाती एक निरीक्षण होते. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या आच्छादनाचे प्लॅस्टिक फुटून त्याचे कण काही वैमानिकांच्या डोळ्यांत शिरले होते, पण डोळ्याने त्यांना फारसा विरोध केला नव्हता. त्याच जातीच्या प्लॅस्टिकचे भिंग त्यांनी नोव्हेंबर 1949 मध्ये एका रुग्णाच्या डोळ्यात बसवले. सहव्यावसायिकांकडून त्यांना अनेक वर्षे कडवा विरोध सहन करावा लागला.

या कथेचा एक भाग सहसा सांगितला जात नाही. त्या पहिल्या भिंगाची ताकद गरजेपेक्षा फारच जास्त ठरली आणि शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला तीव्र निकटदृष्टी आली. भिंग स्वीकारायला डोळा तयार होता, चुकले होते ते माप. पुढे डोळ्याची लांबी आधी ध्वनिलहरींनी आणि नंतर प्रकाशाने मोजण्याची साधने आली, त्या लांबीवरून भिंगाची ताकद काढण्याची सूत्रे तयार झाली आणि तेव्हा कुठे ही शस्त्रक्रिया भरवशाची झाली. डोळ्याची लांबी मोजताना 1 मिलिमीटरची चूक झाली तर चष्म्याच्या नंबरात अडीच ते तीनचा फरक पडतो, यावरून या मोजणीचे मोल कळावे.

प्रकाशाने मोजण्याची गोष्ट निघाली की ओसीटी या तपासणीपाशी थांबावेच लागते. हनुवटी टेकवून एका ठिपक्याकडे काही सेकंद पाहिले की पडद्यावर रेटिनाच्या, म्हणजे दृष्टिपटलाच्या, थरांचा उभा छेद उमटतो. तत्त्व सोनोग्राफीसारखेच आहे, फक्त ध्वनीच्या जागी प्रकाशाचा प्रतिध्वनी वापरायचा. अडचण अशी, की रेटिनाची एकूण जाडी जेमतेम पाव मिलिमीटर असते आणि प्रकाश अफाट वेगाने धावतो. मिलिमीटरचा शंभरावा भाग ओलांडायला त्याला सेकंदाच्या सुमारे तीस लाख कोटीव्या भागाइतका वेळ लागतो आणि इतका अल्प काळ कोणत्याही इलेक्ट्रॉनिक घड्याळाला थेट मोजता येत नाही. यावर योजलेली युक्ती सुंदर आहे. प्रकाशाचा झोत दुभागून एक भाग डोळ्यात आणि दुसरा आरशाकडे पाठवायचा आणि परतलेले दोन्ही भाग पुन्हा एकत्र आणायचे. त्यासाठी मुद्दाम असा प्रकाश वापरायचा, की दोघांनी कापलेले अंतर जवळजवळ समान असेल तरच त्यांच्या लहरी एकमेकींत मिसळून ठसा उमटवतील. वेळ न मोजता अंतर कळते ते असे.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील जेम्स फुजिमोटो यांची प्रयोगशाळा, त्यांचा वैद्यक आणि अभियांत्रिकी एकत्र शिकणारा विद्यार्थी डेव्हिड हुआंग, प्रकाशतंतूंचे जाणकार एरिक स्वॉन्सन आणि नेत्रतज्ज्ञ कारमेन पुलियाफिटो व जोएल शुमन यांच्या सहकार्यातून हे तंत्र आकाराला आले. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या निबंधातील चित्रे मृत शरीरांतून घेतलेल्या रेटिनाची आणि हृदयाच्या रोहिणीची होती. जिवंत डोळ्याची चित्रे 1993 मध्ये आली आणि विक्रीचे यंत्र 1996 मध्ये. बाजारात त्याला सुरुवातीला फारशी मागणी नव्हती, कारण इतके बारीक मोजून करायचे काय, हा प्रश्न रास्तच होता. फुजिमोटो, हुआंग आणि स्वॉन्सन यांना या कामासाठी लास्कर पुरस्कार मिळाला तो 2023 साली, म्हणजे पहिल्या निबंधानंतर बत्तीस वर्षांनी.

करायचे काय, याचे उत्तर वेगळ्याच शाखेतून आले. वाढत्या वयात काहींच्या रेटिनाच्या मध्यबिंदूखाली नव्या नाजूक रक्तवाहिन्या उगवतात, त्यांतून द्रव पाझरतो आणि समोरचा चेहरा ओळखू येईनासा होतो. अशा वाहिन्यांची वाढ रोखणारे बेव्हॅसिझुमॅब हे औषध कर्करोगासाठी उपलब्ध होते. मायामी विद्यापीठाच्या बास्कम पामर नेत्रसंस्थेतील फिलिप रोझनफेल्ड यांनी 2005 साली ते अत्यल्प प्रमाणात थेट डोळ्यात टोचून पाहिले आणि आठवडाभरात द्रव ओसरल्याचे ओसीटीच्या चित्रात दिसले. ते चित्र नसते तर रुग्णाच्या ‘जरा बरे वाटते’ या शब्दांवर विसंबावे लागले असते. नेत्ररोगासाठी मुद्दाम बनवलेले तशाच कामाचे दुसरे औषध एका मात्रेला सुमारे 2000 डॉलर किमतीचे होते, तर हे सुमारे 50 डॉलरचे. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेच्या पैशातून दोघांची समोरासमोर तुलना झाली आणि 2011 साली आलेल्या निष्कर्षात दृष्टीतील सुधारणा सारखीच भरली. स्वस्त औषध कर्करोगासाठी विकणाऱ्या कंपनीला असली तुलना करण्यात रस असण्याचे कारण नव्हते. ती सार्वजनिक पैशातून आणि विद्यापीठांच्या सहभागातूनच होऊ शकत होती.

जनुकोपचाराची बातमी याहून अधिक गाजली आणि तिथे मोजमापाचा पेचही अधिक अवघड होता. रेटिनातील प्रकाशग्राही पेशींमध्ये ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनलेला एक रेणू असतो. प्रकाशकण आदळला की तो वाकड्याचा सरळ होतो आणि पुन्हा वापरात येण्यासाठी त्याला परत वाकवावे लागते. हे काम शेजारच्या थरातील आरपीई 65 नावाचे विकर करते. त्याचे जनुक आईवडील दोघांकडून सदोष आले तर चक्र थांबते आणि मूल बालपणापासूनच मंद उजेडात जवळजवळ आंधळे असते. ब्रियार्ड जातीच्या काही कुत्र्यांमध्ये नेमका हाच दोष आढळतो. कॉर्नेल, पेनसिल्वेनिया आणि फ्लोरिडा विद्यापीठांच्या संशोधकांनी निरुपद्रवी विषाणूच्या कवचात घालून निरोगी जनुक या कुत्र्यांच्या रेटिनाखाली सोडले आणि 2001 साली त्यांना दिसू लागल्याचे जाहीर केले. त्यांपैकी लान्सलॉट नावाचा कुत्रा अमेरिकेच्या संसद सदस्यांनाही दाखवण्यात आला होता. 2008 मध्ये लंडन आणि फिलाडेल्फिया येथील दोन गटांनी माणसांवरील पहिले निष्कर्ष एकाच वेळी प्रसिद्ध केले. फिलाडेल्फियाच्या गटाचे नेतृत्व जीन बेनेट आणि अल्बर्ट मॅग्वायर या पतिपत्नींकडे होते.

आता पेच असा, की या रुग्णांचा मुख्य त्रास अंधारातला आणि डॉक्टरांच्या भिंतीवरचा अक्षरतक्ता लख्ख उजेडातला. तक्त्यावरची एखादी ओळ जास्त वाचता आली नाही म्हणून उपचार फसला म्हणायचे का? संशोधकांनी वेगळीच कसोटी तयार केली. जमिनीवर बाणांनी आखलेली वाट, तिच्यात पायऱ्या आणि अडथळे, वाट पाठ होऊ नये म्हणून दर वेळी बदलणारी मांडणी आणि सात निरनिराळ्या पातळ्यांचा उजेड. त्यातला सर्वांत मंद 1 लक्स, म्हणजे घरातल्या रात्रदिव्याच्या मंद उजेडासारखा, आणि सर्वांत प्रखर 400 लक्स, म्हणजे उजळ कार्यालयासारखा. रुग्ण सर्वांत कमी किती उजेडात ही वाट चुका न करता ठरलेल्या वेळात पार करतो, हे उपचारापूर्वी आणि वर्षभराने पाहायचे. 31 रुग्णांच्या निर्णायक चाचणीत याच कसोटीवर उपचार घेतलेला गट स्पष्टपणे पुढे गेला आणि डिसेंबर 2017 मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने मान्यता दिली. वारशाने आलेल्या रोगावर सदोष जनुकाची उणीव थेट शरीरात भरून काढणारा तेथील हा पहिला मान्यताप्राप्त उपचार. दोन्ही डोळ्यांची किंमत 8 लाख 50 हजार डॉलर ठेवण्यात आली, आणि हा आकडा बातमीच्या कोपऱ्यात नव्हे तर मथळ्याशेजारी छापायला हवा होता. उपचाराने पूर्ण दृष्टी येत नाही आणि ज्या पेशी आधीच मेल्या आहेत त्या परत उगवत नाहीत, हेही त्याच ओळीत सांगायला हवे.

संगणकाच्या बुद्धिमत्तेची बातमी मात्र आकड्यांमुळेच फसवू शकते. मधुमेहात रेटिनाच्या बारीक वाहिन्यांना फुगे येतात, रक्ताचे ठिपके पडतात आणि रुग्णाला बराच काळ काहीच जाणवत नाही. आयोवा विद्यापीठातील मायकेल अब्रामॉफ यांच्या कामातून उभी राहिलेली प्रणाली रेटिनाचे छायाचित्र पाहून, नेत्रतज्ज्ञाच्या मध्यस्थीशिवाय, पुढे तपासणी हवी की नको ते सांगते. एप्रिल 2018 मध्ये तिला अमेरिकेत मान्यता मिळाली. दहा ठिकाणच्या 900 रुग्णांवरील चाचणीत, ज्यांना विकार होता त्यांपैकी सुमारे 87 टक्के तिने ओळखले आणि ज्यांना नव्हता त्यांपैकी सुमारे 90 टक्के अचूक वगळले.

हे आकडे घेऊन एक हिशेब मांडून पाहावा. समजा 1000 मधुमेही आले आणि त्यांतील 100 जणांना लक्ष देण्याजोगा विकार आहे. प्रणाली 87 जणांना पकडेल आणि 13 जणांना ‘ठीक आहे’ सांगून घरी पाठवेल. उरलेल्या 900 निरोग्यांपैकी 90 जणांना ती विनाकारण तज्ज्ञाकडे पाठवेल. म्हणजे पाठवलेल्या 177 जणांपैकी निम्म्याहून किंचित कमी लोकांना खरा विकार असेल. जिथे तपासणीच होत नव्हती तिथे हा मोठा लाभ आहे, पण ‘90 टक्के अचूक’ या तीन शब्दांत ही सगळी माहिती मावत नाही. वर्षाने पुन्हा तपासणी का करायची, याचे एक उत्तर त्या 13 जणांत आहे.

अलीकडची मोठी बातमी ऑक्टोबर 2025 मधली. स्टॅनफर्ड विद्यापीठातील डॅनियल पॅलँकर यांनी कल्पिलेली 2 मिलिमीटर लांबरुंद चकती, सुमारे 378 सूक्ष्म घटकांची, वार्धक्यामुळे मध्यभागी झिजलेल्या रेटिनाखाली बसवली जाते. चष्म्यातील कॅमेरा दृश्य टिपतो, ते अवरक्त किरणांनी चकतीवर पाडले जाते आणि त्याच किरणांवर चालणारी चकती उरलेल्या चेतापेशींना विजेचे इशारे देते. तारा नाहीत, डोळ्यात बॅटरी नाही. युरोपातील 38 रुग्णांना ती बसवण्यात आली. वर्षभरानंतर तपासता आलेल्या 32 जणांपैकी 26 जणांच्या तक्त्यावरील वाचनात अर्थपूर्ण सुधारणा दिसली आणि अनेकांनी अक्षरे, शब्द वाचले. 32 हा आकडा 38 पेक्षा कमी आहे, हे वाचकाने टिपून ठेवावे. 19 रुग्णांत मिळून 26 गंभीर दुष्परिणाम नोंदले गेले आणि बहुतेक दोन महिन्यांत निवळले, हेही. कॅमेऱ्याने मोठी करून दाखवलेली अक्षरे एकेक करून लावत जाणे आणि आपण नकळत वाचतो तसे वाचणे यांत अजून बरेच अंतर आहे.

याआधीच्या एका कृत्रिम रेटिनाला, 60 विद्युत्-टोकांच्या, 2013 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली होती. जगभरात साडेतीनशेहून अधिक लोकांनी ती बसवून घेतली. काही वर्षांनी बनवणाऱ्या कंपनीने ते उत्पादन सोडून दिले आणि सुटे भाग व दुरुस्ती मिळेनाशी झाल्यावर काही रुग्णांच्या डोळ्यांतील यंत्र निकामी होऊन तसेच राहिले. चाचणीत एक, तीन, पाच वर्षांनी मोजमाप करण्याचे वेळापत्रक असते. दहाव्या वर्षी या रुग्णांकडे पाहणारे कोणी असेल का, हे त्या वेळापत्रकात लिहिलेले नव्हते.