भित्तिजाहिरात, व्हिक्टोरियाकालीन

इमारतीच्या भिंतीवर तेलरंगाने थेट रंगवलेली, मुख्यतः अक्षरांची बनलेली व्यापारी जाहिरात. कागदी भित्तिपत्रक भिंतीला चिकटवतात, एनॅमलची पाटी खिळ्यांनी ठोकतात; ही जाहिरात मात्र विटेच्या अंगावरच असते. त्यामुळे जाहिरातकलेच्या इतिहासात तिला जितकी जागा आहे, तितकीच वास्तुकलेच्या इतिहासातही असायला हवी. प्रत्यक्षात दोन्हीकडच्या अभ्यासकांनी तिला बराच काळ दुसऱ्या शाखेचा विषय मानले. गावोगावी सिमेंट, बियाणे, खते यांच्या रंगवलेल्या भिंती मराठी वाचकाने पाहिलेल्याच असतात, म्हणून या प्रकाराचे सर्वसाधारण वर्णन येथे केलेले नाही. प्रस्तुत नोंद ब्रिटनमधील, विशेषतः लंडनमधील, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीत (१८३७–१९०१) प्रसार पावलेल्या प्रकाराविषयी आहे. पुसट होऊन मागे राहिलेल्या जाहिरातींना आज ‘घोस्ट साइन’ म्हणतात. ही संज्ञा अलीकडची असून जुन्या जाहिरातींच्या संदर्भात ती जपून वापरावी.

उगम : याविषयी दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार भित्तिजाहिरात हे करव्यवस्थेचे अपत्य होय. ब्रिटनमध्ये १७१२ पासून वृत्तपत्रातील प्रत्येक जाहिरातीवर शुल्क होते. जाहिरात दोन ओळींची असो वा अर्ध्या स्तंभाची, शुल्क तेवढेच. १८३३ पर्यंत ते साडेतीन शिलिंग होते, त्या वर्षी दीड शिलिंगावर आले आणि १८५३ मध्ये रद्द झाले. भिंतीला शुल्क नव्हते, म्हणून व्यापारी भिंतीकडे वळला, असे हे मत सांगते. कागदी पत्रकांपुरते ते पटण्यासारखे आहे. जॉन पॅरी यांच्या १८३५ च्या जलरंगचित्रात सेंट पॉल कॅथीड्रलचा घुमट धुक्यात मागे राहतो आणि पुढचा सारा भाग पत्रकांवर पत्रके चिकटवलेल्या कुंपणाने व्यापलेला आहे. तो गजबजाट मात्र कागदाचा आहे, रंगाचा नव्हे. रंगवलेल्या भिंतींची खरी भरभराट शुल्क उठल्यानंतर, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या तिसऱ्या भागात झालेली दिसते. त्यामुळे केवळ करातून तिचा उलगडा होत नाही.

दुसरे मत वास्तुशास्त्रीय आहे आणि तेच अधिक ग्राह्य वाटते. १७८४ पासूनचा विटांवरील कर १८५० मध्ये उठला, रेल्वेमुळे विटा दूरवर नेणे परवडू लागले आणि शहरे झपाट्याने विटांची झाली. त्यातच लंडनमध्ये १७७४ च्या बांधकाम कायद्याने आग पसरू नये म्हणून दोन घरांमधली सामाईक भिंत छपराच्या वर उचलून घेणे बंधनकारक केले होते. या भिंतीला खिडकी नसे. शेजारचे घर ठेंगणे असले किंवा पाडले गेले, की ती मोठी कोरी भिंत उघडी पडे. मेट्रोपॉलिटन बोर्ड ऑफ वर्क्स या लंडनमधील सार्वजनिक बांधकामे पाहणाऱ्या मंडळाने जुन्या वस्त्यांमधून नवे रस्ते काढले (शाफ्ट्सबरी ॲव्हेन्यू, १८८६, चेरिंग क्रॉस रोड, १८८७). अशा कामांत आणि रेल्वेच्या पुलांसाठी झालेल्या पाडकामांत कोऱ्या भिंती एकाएकी रहदारीसमोर येत. वास्तुविशारदाचे लक्ष दर्शनी बाजूवर असे. कमानी, कोरीव पट्ट्या, रंगीत विटा, सारे तिथे. बाजूची भिंत साध्या विटेची असे आणि तिच्यावर सौंदर्याचा हक्क कोणी सांगत नसे. ती जागा जाहिरातदाराने घेतली.

भिंतीवर रंगाने लिहिण्याची रीत मात्र व्हिक्टोरियाच्या आधीची आहे. बाथ शहरातील मिल्सम स्ट्रीटवर एका दगडी इमारतीवर फिरते वाचनालय आणि सरकारी लॉटरीचे कार्यालय यांची अक्षरे अजून वाचता येतात. ब्रिटनमधील सरकारी लॉटरी १८२६ मध्ये बंद झाली, म्हणजे निदान लॉटरीची ओळ त्यापूर्वीची असली पाहिजे. कालनिश्चितीची ही उत्तम पद्धत होय, कारण अशा जाहिरातीवर तारीख क्वचितच असते आणि अक्षराच्या वळणावरून काढलेला काळ दहा-वीस वर्षांनी सहज चुकतो. उलट बाजूची मर्यादाही अशीच मिळते. ‘होव्हिस’ हे पावाच्या पिठाचे नाव १८९० मध्ये ठरले, तेव्हा ते नाव असलेली कोणतीही भिंत त्याआधीची असू शकत नाही, मग तिचे अक्षर कितीही जुने वाटो.

अक्षर : भित्तिजाहिरातीचे अक्षर जाड, सरळ आणि बहुधा एकसारख्या रेषेचे असते. या बिनटोकाच्या (रेषांच्या टोकांना आडवे फाटे नसलेल्या) अक्षराचा जनक कोण, हा मुद्रणेतिहासातला जुना वाद आहे. छपाईच्या खिळ्यांत (धातूच्या ओतीव अक्षरांत) असे अक्षर प्रथम १८१६ च्या सुमारास विल्यम कॅसलॉन (चौथे) यांच्या नमुनापुस्तकात आढळते. त्या वेळी त्याला ‘इजिप्शियन’ म्हणत. ‘सॅन्स-सेरिफ’ हे नाव व्हिन्सेंट फिगिन्स यांच्या ओतशाळेने (खिळे ओतणाऱ्या कारखान्याने) १८३० च्या आसपास रूढ केले. यावरून काही जुने लेखक अक्षर छापखान्यातून भिंतीवर गेले असे मानतात. परंतु वास्तुविशारद जॉन सोन यांच्या अठराव्या शतकाच्या अखेरच्या आराखड्यांवर अशी मोठी अक्षरे आहेत. शिवाय इंग्रज कवी रॉबर्ट साउदी यांनी १८०७ मध्ये एका स्पॅनिश प्रवाशाचा आव आणून लिहिलेल्या पत्रसंग्रहात लंडनच्या दुकानांच्या पाट्यांवरील ‘इजिप्शियन’ अक्षरांची तक्रार आहे. सर्व रेषा सारख्या जाडीच्या केल्याने अक्षराचे सौंदर्य आणि प्रमाण नाहीसे झाले, असा तिचा आशय आहे. कॅसलॉनच्या खिळ्यांच्या सुमारे नऊ वर्षे आधी हे अक्षर रस्त्यावर इतके रुळले होते, की त्याचा कंटाळा येऊ लागला होता. तेव्हा वास्तुविशारदाच्या कागदावरून पाटी रंगवणाऱ्याकडे आणि तिथून ओतशाळेकडे, हा क्रम अधिक संभवनीय दिसतो. छापखान्याने पुढे परतफेड केली ती मांडणीत. लहानमोठ्या ओळी, मधली ओळ कमानीसारखी वळवणे, अक्षरामागे एका बाजूला सावली देऊन ते उठावाचे भासवणे, हे नाटकांच्या आणि लिलावांच्या छापील पत्रकांतून भिंतीवर आले असावे.

जाड रेषेला विटेचेही कारण आहे. विटेच्या प्रत्येक रद्द्यानंतर (थरानंतर) चुन्याची दर्ज (सांध्याची रेघ) येते, आणि बारीक रेषा त्या दर्जेत तुटते. इंग्लिश विटेचे दर्जांसह चार रद्दे साधारण एक फूट भरतात, त्यामुळे रद्दे मोजून अक्षराची उंची धरणे सोपे जाई. जुन्या भिंतीजवळ उभे राहून पाहिले, तर अक्षराचे माथे आणि पाय पुष्कळदा नेमके दर्जेवर टेकलेले आढळतात. गवंड्याने घातलेल्या ओळींवरच रंगाऱ्याने आपली आखणी बसवलेली असते.

तंत्र : आधी लहान कागदावर प्रमाणात आराखडा. मग परांची बांधून किंवा छपरावरून दोरांनी फळी सोडून भिंत ब्रशने साफ करत. खडू लावलेले सूत दोन टोकांना ताणून मारले, की सरळ ओळ उमटे. नेहमीच्या मजकुरासाठी अक्षरे थेट खडूने काढत. तीच जाहिरात अनेक भिंतींवर जायची असेल, तर पूर्ण आकाराच्या कागदावर अक्षरांच्या कडेकडेने टाचणीने भोके पाडत, कागद भिंतीला धरत आणि कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी त्यावर आपटत जात. ठिपक्यांची रेघ भिंतीवर उतरे. लाल आणि पिवळ्या विटा रंग शोषून घेतात, म्हणून पहिला हात पातळ तेलाचा, नंतरचे घट्ट. काळी किंवा निळी पार्श्वभूमी आणि त्यावर पांढरी अक्षरे ही जोडी फार आढळते. काही भिंतींच्या खालच्या कोपऱ्यात रंगवणाऱ्याची किंवा त्याच्या कारखान्याची सही असते.

टिकण्याचे कारण : पांढरा रंग म्हणजे शिशाचा सफेदा, जवसाच्या तेलात घोटलेला. शिसे आणि तेलातील आम्ले यांच्या संयोगातून शिशाचे साबण तयार होतात. त्यामुळे रंगाचा थर चिवट आणि किंचित लवचिक राहतो, आणि उन्हापावसात वीट फुगली-आकसली तरी तडकून गळत नाही. वरचा भाग हळूहळू पिठासारखा झडत जातो, पण खालचा टिकतो. काजळीच्या काळ्या रंगात शिसे नसल्यास तो आधी जातो. म्हणूनच अनेक ठिकाणी पार्श्वभूमी गेलेली आणि अक्षरे राहिलेली दिसतात. कधी रंग पूर्ण गेला तरी अक्षर उरते. रंगाखालची वीट धुरापासून आणि पावसापासून वाचलेली असते, आणि तिचा मूळ उजळ रंग अक्षराच्या आकारात दिसतो. पाऊस पडून गेल्यावर ओल्या भिंतीवर कोरड्या दिवशी न दिसणारी ओळ वाचता येते, याचा अनुभव नोंदणी करणाऱ्यांना नेहमी येतो. एकावर एक रंगवलेल्या दोन-तीन जाहिराती झिजून एकमेकींत मिसळल्या असतील, तर अशा वेळी त्या वेगळ्या करणे सोपे जाते. सफेदा विषारी आहे. १९२१ च्या आंतरराष्ट्रीय कामगार करारानुसार इमारतींच्या आतल्या रंगकामात त्याचा वापर रोखण्याचे ठरले. जुनी जाहिरात कोरडी घासणे या कारणानेही टाळावे.

चित्र : भिंतीवर चित्र कमी, मजकूर फार. चित्रमय जाहिरात कागदावर, रंगीत शिळामुद्रणाने वाढली. जॉन एव्हरेट मिले यांचे साबणाचे फुगे उडवणाऱ्या मुलाचे चित्र (१८८६) पेअर्स कंपनीचे टॉमस बॅरट यांनी विकत घेऊन त्यात साबणाची वडी घातली. ललित चित्राचा असा उपयोग योग्य की नाही, यावर तेव्हा मोठा वाद झाला.

वास्तू हीच जाहिरात : भाड्याच्या भिंतीवर न थांबता काही उद्योजकांनी आख्खी इमारतच जाहिरातीसाठी योजली. ग्लासगो ग्रीनजवळील टेम्पल्टन गालिचा कारखान्याचा दर्शनी भाग विल्यम लीपर यांनी व्हेनिसच्या डोजेंच्या (तिथल्या राज्यप्रमुखांच्या) राजवाड्याच्या धर्तीवर, रंगीत विटा, टेराकोटा आणि मोझेइक वापरून रचला. १ नोव्हेंबर १८८९ रोजी, बांधकाम चालू असताना, ही भिंत सोसाट्याच्या वाऱ्यात मागच्या विणकामाच्या शेडवर कोसळली आणि २९ स्त्रिया व मुली मरण पावल्या. मागच्या बांधकामाशी ती पुरेशी जखडलेली नव्हती. या इमारतीचे कौतुक करणाऱ्या वर्णनांत ही घटना एका ओळीत उरकली जाते, ते योग्य नव्हे. दर्शनी भाग आणि त्यामागे काम करणारी माणसे यांतला दुरावा या वास्तुप्रकाराच्या रचनेतच होता.

ब्रिस्टलचा एव्हरार्ड छापखाना (१९००–०१) काळाने काठावरचा आहे. डोल्टन कंपनीचे डब्ल्यू. जे. नीटबी यांनी त्याचा दर्शनी भाग चकाकत्या चिनीमातीच्या फरशांनी मढवला. एका बाजूला युरोपीय मुद्रणाचा प्रवर्तक गुटेनबर्ग, दुसऱ्या बाजूला एकोणिसाव्या शतकातील कलावंत-मुद्रक विल्यम मॉरिस, दोघेही आपापल्या मुद्रणयंत्रापाशी; मध्ये साहित्याची देवता, वर हाती दिवा आणि आरसा घेतलेली स्त्री. वस्तूचे नाव न ओरडता व्यवसायाची परंपरा सांगणारी ही जाहिरात त्या पिढीतील सर्वोत्तम मानावी लागेल. मागची इमारत पुढे पाडली गेली, दर्शनी भाग जागेवर आहे.

विरोध व कायदे : १८३९ च्या मेट्रोपॉलिटन पोलीस कायद्याने मालकाच्या परवानगीशिवाय पत्रके लावणे दंडनीय केले. १८५३ च्या कायद्याने लंडनच्या रस्त्यांवर जाहिरातीच्या गाड्या फिरवणे बंद झाले, आणि भिंतीची किंमत आणखी वाढली. १८९३ मध्ये रिचर्डसन इव्हान्स यांच्या पुढाकाराने सार्वजनिक जाहिरातींच्या अतिरेकाला आळा घालणारी संस्था स्थापन झाली. डोव्हरच्या कड्यावर क्वेकर ओट्सचा अवाढव्य फलक उभा राहिला, तेव्हा तो हटवण्यासाठी १९०१ मध्ये त्या नगरपालिकेला संसदेकडून खास अधिकार घ्यावे लागले. सर्व देशाला लागू असा जाहिरात नियमन कायदा १९०७ चा. १९४७ च्या नगररचना कायद्यापासून नियंत्रण कडक झाले.

जतन : मुख्य प्रश्न पुन्हा रंगवावे की नाही हा आहे. यॉर्कमधील बाइल बीन्स या गोळ्यांची भिंत (विसाव्या शतकाचा पूर्वार्ध) नव्याने रंगवली गेली आणि शहराला ती प्रिय आहे. पण पुन्हा रंगवताना मूळ हाताचे वळण, थरांचा क्रम आणि काळाची झीज झाकली जाते. अभ्यासासाठी न रंगवलेली भिंतच उपयोगी, म्हणून आहे तशी राखून छायाचित्रांत नोंदवावी, हे मत प्रस्तुत नोंदीला अधिक सयुक्तिक वाटते. हिस्टरी ऑफ ॲडव्हर्टायझिंग ट्रस्ट या ब्रिटिश संस्थेने अशा छायाचित्रांचा संग्रह उभारला आहे. शेजारी नवी इमारत उठली की भिंत पुन्हा झाकली जाते. जाहिरातीच्या दृष्टीने हा नाश नसून उन्हापासून संरक्षणच असते.

मुंबई : व्हिक्टोरियन गॉथिक या टोकदार कमानींच्या वास्तुशैलीचा मोठा ठेवा येथे असला, तरी फोर्टमधील दगडी इमारतींवर रंगवलेल्या भिंतींची परंपरा लंडनसारखी रुजली नाही. येथे पाटीचे नाते कमानीशी आहे. दादाभाई नौरोजी मार्गावर (पूर्वीचा हॉर्नबी रोड) १८९६ च्या सुमाराच्या नियमाने प्रत्येक इमारतीला पादचाऱ्यांसाठी कमानींची ओसरी ठेवावी लागली. विसाव्या शतकात दुकानांच्या पाट्यांनी या कमानी झाकून टाकल्या. शतकाच्या अखेरीस दुकानदार, पालिका आणि संवर्धन वास्तुविशारद यांनी मिळून पाट्यांची मापे आणि जागा ठरवून दिल्या, आणि पाटी कमानीवर न ठोकता तिच्या आत बसवली जाऊ लागली. भिंतींवर विनापरवाना लिहिण्यास महाराष्ट्रात १९९५ च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक अधिनियमाने मनाई आहे.