खोली किती फुटांची ते नंतर, आत किती वॅट ते आधी

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. त्या उन्हात लेट्यूस, म्हणजे सॅलडची पालेभाजी, उघड्यावर टिकत नाही. मधून दांडा निघतो, पाने कडू होतात. मग घरातल्या खोलीत रॅक उभारून, एलईडीखाली, २२ अंशांत ते पिकवायचे ठरते आणि पहिला प्रश्न येतो: एसी किती टनाचा? दुकानात उत्तर तयार असते, शंभर-सव्वाशे चौरस फुटांना एक टन. झोपायच्या खोलीला हा ठोकताळा चालून जातो, ग्रोरूमला, म्हणजे दिव्यांखाली पीक वाढवायच्या खोलीला, चालत नाही.

शेजारशेजारच्या दोन खोल्या घेऊ, प्रत्येकी १२ बाय १० फूट, उंची १० फूट, डोक्यावर उघडा स्लॅब. एकीत रोपे, दिवे ६०० वॅटचे. दुसरीत वाढते पीक, दिवे २,००० वॅटचे. ठोकताळ्याने दोन्हींना सारखाच एसी लागतो. प्रत्यक्षात दुसरीला पहिलीच्या दुपटीहून अधिक क्षमता लागते.

एलईडी ‘थंड’ असतात हा समज इथे महागात पडतो. दिव्याने घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी खोलीतच उष्णता होऊन राहते. प्रकाश पानांवर, भिंतींवर पडला की त्याचीही उष्णताच होते. झाड साखरेच्या रूपात साठवते ते फार तर एक-दोन टक्के. खोक्यावर छापलेले ‘१,००० वॅटच्या बरोबरीचा’ हे विसरा. प्लगला वॅटमीटर लावा आणि येईल तो आकडा धरा.

आता दुसऱ्या खोलीचा हिशोब. दिवे २,०००, पंखे आणि पंप १५०. स्लॅब ११ चौरस मीटर; ऊन खाऊन तो हवेपेक्षा बराच तापतो, म्हणून आत-बाहेरचा फरक ३८ अंश धरला तर साधारण १,२५० वॅट आत झिरपतात. पश्चिमेची नऊ इंची विटांची भिंत ४८०, घराकडच्या दोन भिंती ५६०. दार उघडणे, फटी आणि काम करणारा माणूस मिळून ३००. बेरीज ४,७४० वॅट. छताला आणि भिंतींना आतून ५० मिलिमीटरचे पफ पॅनेल (उष्णता अडवणाऱ्या फोमचे तक्ते) लावले, तर स्लॅबचे १७०, पश्चिमेचे १०० आणि घराकडचे ११० उरतात. बेरीज २,८३० वर येते. खान्देशातल्या जुन्या धाब्याच्या घरांवरचा मातीचा जाड थर हेच काम करत आला आहे. पॅनेलचे सांधे फॉइल टेपने नीट बंद करा, नाहीतर आतली वाफ मागे शिरून भिंतीला बुरशी धरते.

एक टन म्हणजे ३,५१७ वॅट. एक अमेरिकन टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढी. २,८३० ला एक टन पुरेल असे वाटते, पण लेबलवरची क्षमता बाहेर ३५ आणि आत २७ अंश असताना मोजलेली असते. आपल्याकडे बाहेर ४५ आणि आत २२. अशा वेळी चतुर्थांश क्षमता गेली असे धरून चालावे. २,८३० भागिले ०.७५ म्हणजे सुमारे ३,७७०. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी (गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा) घ्या. पॅनेल नसेल तर ६,३२०, म्हणजे दोन टन. रोपांच्या खोलीत पॅनेलसह बेरीज १,२०० वॅटच्या आसपास येते, तिला पाऊण ते एक टन पुष्कळ झाला. ‘असू दे मोठा’ म्हणून तिथे दीड टनाचा लावला, तर तो मिनिटांत गारवा करून थांबतो, हवा ओलीच राहते आणि पानांवर भुरी येते.

हा ओलावा नीट समजून घ्यायला हवा. दिलेले जवळपास सगळे पाणी पाने वाफ करून हवेत सोडतात. एक लिटरची वाफ व्हायला सुमारे ०.६८ युनिट उष्णता लागते. रोज २० लिटर पाणी पडत असेल, तर दिव्यांच्या रोजच्या ३२ युनिटांपैकी १३-१४ युनिटे या वाफेतून एसीपर्यंत पोचतात. एकूण उष्णता वाढत नाही, पण एसीला हवा गार करण्याबरोबर तेवढे पाणीही गाळावे लागते. केळीच्या टिश्यू कल्चरच्या, म्हणजे बाटलीत ऊतींपासून रोपे वाढवायच्या, खोलीत बाटल्या बंद असतात, त्यामुळे हा भार जवळजवळ नसतो; तिथला हिशोब जसाच्या तसा इथे लावू नका. तपासायची रीत सोपी आहे: ड्रेन पाइपखाली बादली ठेवा. टाकीत २० लिटर भर घातली आणि बादलीत १२ आले, तर उरलेले फटींतून जाते आहे किंवा खोलीत साचते आहे.

दिव्यांचे १६ तास रात्री आठ ते दुपारी बारा ठेवा. दुपारचे ऊन आणि दिवे एकाच वेळी अंगावर येत नाहीत, आणि भर दुपारच्या अंधारात भिंतींतून येणाऱ्या उष्णतेमुळे एसी चालू राहून ओलावाही काढतो. हिवाळ्यातल्या थंड रात्री मात्र एसी नको. पुष्कळ घरगुती एसी बाहेर फार गार असताना चालवायचे नसतात, तेव्हा जाळी लावलेल्या पंख्याने बाहेरची हवा घ्या.

एका आउटडोअरवर दोन इनडोअर बसवता येतात, जागा वाचते. तरीही दोन स्वतंत्र एसी बरे. एकाचा कॉम्प्रेसर बंद पडला तर निदान एक खोली वाचते.

आउटडोअर उत्तरेच्या भिंतीला लावा, पुढे चार फूट मोकळे ठेवा. स्लॅबवरच ठेवायचे असेल तर दीड-दोन फुटांचा स्टँड हवा, कारण तापलेल्या स्लॅबलगतची हवा आणखी गरम असते. जवळ जिनिंग असेल तर हंगामात कॉइलवर कापसाचे तंतू बसतात. पंधरवड्याला हलक्या धारेने धुवा. पाइप जोडल्यावर व्हॅक्युम न मारता, म्हणजे पंपाने आतली हवा ओढून न काढता, गॅस सोडू देऊ नका, आत राहिलेली हवा आणि ओल क्षमता खाते.

आणि दिव्यांच्या लाइनवर थर्मोस्टॅट व काँटॅक्टर (त्याच्या इशाऱ्यावर वीज तोडणारा स्विच) बसवा, ३० अंशांना दिवे बंद होतील असा. एसी थांबून दिवे चालू राहिले, तर २,००० वॅट या खोलीतली नुसती हवा वीस सेकंदांत एक अंशाने तापवतात. ट्रेमधले पाणी थोडी उष्णता झेलते, पण पफच्या भिंती फारशी शोषत नाहीत.