फुप्फुसाचा क्षयरोग आणि रक्ताचे अहवाल : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

फुप्फुसाच्या क्षयाचे निदान थुंकीवरून व एक्स-रेवरून झालेले असताना डॉक्टरांनी साखर, सोडियम, कॅल्शियम आणि यकृताच्या तपासण्या कशासाठी लिहून दिल्या, असे आमच्या प्रयोगशाळेत नमुना द्यायला येणारे ग्राहक नेहमी विचारतात. जंतू फुप्फुसात असले, तरी त्यांच्याशी चाललेल्या झगड्याचा भार साऱ्या शरीराच्या चयापचयावर पडतो, आणि तो किती पडला आहे हे या तपासण्यांतून कळते.

क्षय या शब्दाचा अर्थच झीज असा आहे. प्रतिकार करणाऱ्या पेशींतून बाहेर पडणारी रसायने भूक मारतात, तापात ऊर्जा खर्च होते, आणि पोटात गेलेल्या प्रथिनांतून स्नायू बांधले जाण्याऐवजी त्यांचा मोठा वाटा जळून जातो. त्यामुळे अल्ब्युमिन (रक्तातील एक मुख्य प्रथिन) कमी आले म्हणून रुग्ण नीट जेवत नाही असा ठपका घरच्यांनी ठेवू नये. दाहामुळेही ते घटते. हिमोग्लोबिनचेही पुष्कळदा असेच असते : लोह शरीरात असते, पण साठ्यात अडकून पडते.

सर्वांत जास्त गोंधळ साखरेच्या अहवालावरून होतो. उपाशीपोटी 126 मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक साखर आणि 6.5 टक्के किंवा त्याहून अधिक एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ही मधुमेहाची सर्वमान्य मर्यादा आहे. परंतु संसर्गाच्या ताणामुळे इन्सुलिनचा प्रभाव मंदावत असल्याने उपचाराच्या आरंभी वाढलेला आकडा काही रुग्णांत पुढे आपोआप खाली येतो, म्हणून डॉक्टर तीच तपासणी काही महिन्यांनी पुन्हा करायला सांगतात. तरीही पहिला आकडा दुर्लक्षून चालत नाही, कारण मधुमेह असलेल्यांना क्षय होण्याचा धोका इतरांच्या दुप्पट-तिप्पट असतो. शिवाय रिफाम्पिसिन या क्षयावरील औषधामुळे मधुमेहाच्या काही गोळ्या यकृतात लवकर मोडल्या जातात आणि एकही गोळी न चुकवता साखर चढते. रिफाम्पिसिन थांबल्यावर साधारण दोन आठवड्यांत हा परिणाम ओसरतो, तेव्हा वाढवलेली मात्रा पुन्हा तपासून घ्यावी लागते.

सोडियम 135 च्या खाली आले की मीठ वाढवावे, असे अनेकांना वाटते. क्षयात मात्र पुष्कळदा पाणी धरून ठेवणारे संप्रेरक जास्त स्रवते आणि शरीरातले सोडियम पातळ होते, त्यामुळे मिठाने काम भागत नाही. क्वचित जंतू मूत्रपिंडांवरील ॲड्रिनल ग्रंथींपर्यंत पोहोचतात. या ग्रंथी निकामी झाल्याचा विकार थॉमस ॲडिसन यांनी 1855 मध्ये वर्णिला, तेव्हा त्याचे एक मोठे कारण क्षयच होते. अशा वेळी सोडियम घटते, पोटॅशियम वाढते, रक्तदाब उतरतो आणि त्वचा काळवंडते.

कॅल्शियम याउलट वाढू शकते, कारण क्षयाच्या गाठींतील पेशी ड जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप स्वतःच तयार करतात. म्हणून कॅल्शियमच्या किंवा ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनाने सुरू करू नयेत.

पायराझिनामाइड या क्षयावरील आणखी एका औषधामुळे रक्तातील यूरिक ॲसिड बहुतेकांचे वाढते. सांधे दुखत नसतील तर सहसा त्यासाठी औषध बंद करत नाहीत. उलट्या होणे, भूक पूर्ण जाणे, डोळे पिवळे दिसणे ही औषधांनी यकृताला इजा होत असल्याची लक्षणे असू शकतात; यांपैकी काहीही झाल्यास मात्र नेहमीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे.

नमुना देताना चालू औषधांची चिठ्ठी सोबत आणावी. रक्त काढताना मूठ वारंवार आवळू नये, कारण त्याने पोटॅशियम खोटेच जास्त दिसते. साखरेसाठी आम्ही वेगळी, फ्लोराइड घातलेली नळी वापरतो, कारण साध्या नळीत रक्तपेशी साखर वापरत राहतात आणि आकडा तासागणिक उतरतो. रिफाम्पिसिन चालू असताना लघवी नारिंगी होते. नमुन्याची बाटली लपवून, संकोचून देणारे पुष्कळ जण आम्ही पाहतो, पण तो रंग औषधाचा असतो, रक्ताचा नव्हे.