नागासाकीचे गुप्त ख्रिस्ती आणि वसईचा रक्तसाक्षी : पार्श्वभूमी

वसईच्या ख्रिस्ती समाजात संत गोन्सालो गार्सिया हे नाव घरोघरी ठाऊक आहे. त्यांच्या मरणानंतर जपानमधील श्रद्धावंतांचे काय झाले, ही कथा मात्र आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते. ती समजून घेतल्याशिवाय श्रद्धेसाठी प्राण देणाऱ्या त्या रक्तसाक्ष्याचे मोलही पुरते कळत नाही, असे मला वाटते.

संत फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून 15 ऑगस्ट 1549 रोजी जपानमधील कागोशिमा येथे उतरले. त्या वेळी जपानमध्ये सरदारांची आपापसांत युद्धे चालू होती. पोर्तुगीज जहाजे आपल्या बंदरात यावीत म्हणून काही सरदारांनी धर्मगुरूंना आश्रय दिला, तर काहींनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. ओमुरा सुमितादा या सरदाराने 1580 मध्ये नागासाकी बंदरच जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाच्या हवाली केले. त्याच्या मुलखात बौद्ध मंदिरे उद्ध्वस्त झाली, प्रजेला सामूहिकरीत्या ख्रिस्ती केले गेले आणि पोर्तुगीज व्यापारी जपानी माणसांना गुलाम म्हणून परदेशी विकत होते. पुढच्या छळाचे समर्थन यातून मुळीच होत नाही, परंतु 1587 मध्ये जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने धर्मगुरूंना देशाबाहेर जाण्याचा हुकूम का काढला, याची काही कारणे येथे सापडतात.

गोन्सालो यांचा जन्म 1557 च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज होते आणि आई वसईकडची होती. किशोरवयातच ते जेझुइट धर्मगुरूंबरोबर जपानला गेले, तेथील भाषा उत्तम शिकले आणि धर्मशिक्षक म्हणून वावरले, पण त्या संघात त्यांना प्रवेश मिळाला नाही. काही काळ व्यापार केल्यावर मनिला येथे ते फ्रान्सिस्कन या दुसऱ्या कॅथलिक संघाचे धर्मबंधू झाले आणि 1593 मध्ये त्या संघाचे धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषे म्हणून जपानला परतले. 1596 मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटले. धर्मगुरूंच्या मागोमाग स्पेनचे सैन्य येते, असे त्या जहाजावरील कोणी बोलल्याचे सांगितले जाते. त्यात तथ्य किती, याविषयी मतभेद आहेत, पण हिदेयोशीचा संशय बळावला एवढे खरे. त्याच्या हुकमाने क्योतोमध्ये पकडलेल्या ख्रिस्ती लोकांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून, भर थंडीत, त्यांना शेकडो किलोमीटर चालवत नागासाकीला नेण्यात आले. तेथील निशिझाका टेकडीवर 5 फेब्रुवारी 1597 रोजी गोन्सालो यांच्यासह 26 जणांना क्रूसावर टांगून भाल्यांनी भोसकले गेले. त्यांत 20 जण जपानी होते आणि सर्वांत धाकटा अवघा 12 वर्षांचा होता.

हिदेयोशीनंतर सत्तेवर आलेल्या तोकुगावा राजवटीने 1614 मध्ये ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली. ख्रिस्ती प्रजेची संख्या तेव्हा सुमारे 3 लाख असावी, असा अंदाज केला जातो. असह्य करवसुली, उपासमार आणि धर्मछळ यांतून 1637-38 मध्ये शिमाबारा येथे शेतकऱ्यांनी उठाव केला. तो चिरडल्यावर बंदी अधिक कठोर झाली. प्रत्येक कुटुंबाला बौद्ध मंदिरात नोंद करणे भाग होते आणि नागासाकी परिसरात दरवर्षी येशू किंवा त्याची आई मारिया यांच्या प्रतिमेवर पाय ठेवून आपण ख्रिस्ती नसल्याचे दाखवावे लागे. जपानमधील शेवटचे ज्ञात धर्मगुरू मान्सियो कोनिशी 1644 मध्ये मारले गेले.

त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षे तेथे मिस्सा म्हणजे धर्मगुरूने चालवायची मुख्य उपासना नव्हती, पापनिवेदन नव्हते, बायबल नव्हते. उरली ती गावाने आपापसांत वाटून घेतलेली जबाबदारी. एकाने पंचांग सांभाळून नाताळ, उपवासकाल आणि पुनरुत्थानाचा दिवस कधी येतो ते सांगायचे, दुसऱ्याने बाळांना बाप्तिस्मा द्यायचा, तिसऱ्याने निरोप घरोघरी पोहोचवायचा. लॅटिन आणि पोर्तुगीज शब्दांच्या प्रार्थना अर्थ न कळताही तोंडपाठ होत राहिल्या. बौद्ध देवता कान्नोनच्या मूर्तीत पवित्र मारियेचे दर्शन घेतले जाई. प्रतिमेवर पाय ठेवून घरी आलेला माणूस पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत असे, कारण धर्मगुरू नसताना मनापासूनचा पश्चात्ताप देव स्वीकारतो, ही शिकवण बंदीपूर्वीच्या धर्मगुरूंनी मागे ठेवली होती. या लोकांना दुबळे म्हणणे मला फार अन्यायाचे वाटते. रक्तसाक्ष्यांनी श्रद्धेची ग्वाही दिली, पण ती सात पिढ्या पुढे नेली ती दरवर्षी मान खाली घालून त्या प्रतिमेवर पाय ठेवणाऱ्या आईबापांनी.

पोप नववे पायस यांनी 1862 मध्ये गोन्सालो यांच्यासह सर्व 26 जणांना संतपद दिले. त्यांच्याच नावाने फ्रेंच धर्मगुरूंनी नागासाकीतील ओउरा येथे परदेशी रहिवाशांसाठी चर्च उभारले. 17 मार्च 1865 रोजी नागासाकीजवळच्या उराकामी गावचे काही शेतकरी तेथे आले. त्यांच्यातील एका स्त्रीने धर्मगुरू पेतिजाँ यांच्या कानात सांगितले की आमचे हृदय तुमच्यासारखेच आहे, आणि मारियेची मूर्ती कोठे आहे असे विचारले. ही वार्ता युरोपात पोहोचली तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवणेही अनेकांना जड गेले.

पण बंदी अजून उठलेली नव्हती. 1867 पासून उराकामीत धरपकड सुरू झाली आणि पुढे तेथील सुमारे 3,400 जणांना दूरदूरच्या प्रांतांत हद्दपार केले गेले. त्यांपैकी 600 हून अधिक जण उपासमार, थंडी आणि छळामुळे दगावले. पाश्चात्त्य राष्ट्रांच्या निषेधानंतर 1873 मध्ये बंदीचे फलक काढले गेले आणि वाचलेले लोक उद्ध्वस्त शेतांकडे परतले. जेथे प्रतिमा तुडवायला लावत, त्या गावप्रमुखाच्या वाड्याची जागा विकत घेऊन त्यांनी तेथे भव्य चर्च बांधले. 9 ऑगस्ट 1945 रोजी अणुबाँब या चर्चपासून सुमारे अर्ध्या किलोमीटरवर फुटला आणि उराकामीच्या सुमारे 12,000 कॅथलिकांपैकी 8,500 च्या आसपास मरण पावले. चर्च 1959 मध्ये त्याच जागी पुन्हा उभे राहिले.

सर्वच गुप्त ख्रिस्ती मात्र कॅथलिक चर्चमध्ये परतले नाहीत. इकित्सुकी बेटासारख्या ठिकाणी काही कुटुंबांनी पूर्वजांकडून आलेली रीतच खरी मानून ती स्वतंत्रपणे चालू ठेवली. गुप्त ख्रिस्ती समाजाशी निगडित स्थळांना युनेस्कोने 2018 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला, तोवर त्या जुन्या प्रार्थना मुखोद्गत असलेली माणसे फार थोडी उरली होती.