काटा मधोमध, इंजिन तापलेलं

बऱ्याच कारच्या डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मुद्दामच सुस्त ठेवलेला असतो. कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, ८० अंशांवर असो की १०० वर, तो आपला मधोमध. काटा जरा हलला की गिऱ्हाईक घाबरतं, म्हणून ही सोय. काही नव्या गाड्यांत तर काटाही नाही, नुसता लाल दिवा.

मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे एवढ्यावर भागत नाही; कुलंटचे अंश दाखवणारा वेगळा मीटर लागतो. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकेल, हे कुलंट आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. कुलंट ९५ अंश आणि हवा ३० असेल तर फरक ६५ चा. हवा ४६ वर गेली की ४९ चा. म्हणजे जवळपास चौथा हिस्सा ताकद गेली. त्यात जाळीत सोयाबीनचं कुटार अडकलेलं असतं. अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या भागात, कोणी विहिरीचं पाणी ओतलं, तर नळ्यांत क्षार बसतात ते वेगळंच.

वेगळा मीटर लावायचा तर मीटर आणि सेन्सर एकाच सेटचे घ्या. सेन्सरच्या टोकात थर्मिस्टर असतो. तो तापला की त्याचा विद्युतरोध कमी होतो आणि त्यावरून मीटर अंश दाखवतो. हे गणित दर सेन्सरचं वेगळं असतं, त्यामुळे आटे जुळले म्हणून आकडा जुळेलच असं नाही. गाडीच्या मूळ सेन्सरच्या वायरीला जोड देऊ नका; इसीयूला (इंजिन चालवणाऱ्या संगणकाला) चुकीचं तापमान कळतं, मग इंधनाचं प्रमाण आणि पंखा दोन्ही बिघडतात.

जागा निवडण्यातच खरी मेख आहे. इंजिनच्या हेडवर थर्मोस्टॅटच्या (कुलंट तापल्यावरच रेडिएटरकडची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) अलीकडे मोकळा प्लग असेल तर तीच जागा उत्तम, पण असा प्लग नेहमी सापडत नाही. मग इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या रबरी होज पाइपमध्ये ॲल्युमिनियमची जोडनळी बसवतात. पाइपचा आतला व्यास मोजूनच ती घ्या. ३२, ३४, ३६, ३८ मिमी असे माप मिळतात. थर्मोस्टॅट इंजिनच्या बाहेर जाणाऱ्या तोंडावर असेल, तर तो उघडेपर्यंत हा पाइप थंडच राहणार. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला, तर इंजिन उकळत असताना मीटर कमीच दाखवेल. ही उणीव माहीत असू द्या.

इंजिन पूर्ण गार झाल्यावरच कुलंट काढा. जोडनळीचा मधला भाग जेवढा उघडा राहतो तेवढाच पाइप कापा, दोन्हीकडे क्लिप आवळा. सेन्सर आडवा किंवा खालून ठेवा. वरून बसवला तर टोकाशी हवेचा बुडबुडा अडकतो. आटे निमुळते असतात. हातानं बसेपर्यंत फिरवा, मग पान्यानं एखादा फेरा. जास्त जोर लावला की ॲल्युमिनियम चिरतं.

एका वायरीच्या सेन्सरला अर्थ (अर्थिंग, म्हणजे विजेची परतीची वाट) त्याच्या बॉडीतूनच मिळतो. इथं मात्र दोन्हीकडे रबर, म्हणून जोडनळीपासून इंजिनपर्यंत वेगळी अर्थ वायर ओढावी लागते. आट्यांवर टेफ्लॉन टेपचे थर चढवले तरी अर्थ कच्चा राहतो. कच्चा अर्थ म्हणजे वाढीव रोध, आणि वाढीव रोध म्हणजे मीटरवर कमी तापमान. चूक नेमकी धोक्याच्या बाजूला जाते. वायर तुटली तर काटा तळाशी, बॉडीला टेकली तर थेट टोकाला. मीटरचा पुरवठा इग्निशन चालू असतानाच मिळणारा घ्या, मीटरसोबतच्या कागदावर लिहिलेला फ्यूज टाकून.

सेन्सर बसवण्याआधी त्याचं टोक उकळत्या पाण्यात धरून मीटर तपासा, बॉडीला अर्थ देऊन. नागपूरला ९९ च्या आसपास दिसायला हवं, चिखलदऱ्याला साधारण ९६. उंचीवर पाणी लवकर उकळतं. मग कुलंट डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं मिसळून भरा आणि हीटर चालू ठेवून हवा काढा.

परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना आकडा हळूहळू वाढला तर एसी बंद करा. वाढत असलेला आकडा अचानक खाली आला तर मात्र गाडी लगेच थांबवून इंजिन बंद करा. कुलंट गळून सेन्सर कोरडा पडला असण्याची शक्यता आहे. रेडिएटरची कॅप तासभर तरी उघडू नका.