डोक्यात रेंगाळणारं काम

तुम्ही मीटिंगमध्ये बसलेले असता आणि डोक्यात मात्र मघाशी अर्धा सोडलेला ईमेल घोळत असतो. समोरचा काहीतरी विचारतो आणि "पुन्हा एकदा सांगता का?" म्हणायची वेळ येते. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये नेमक्या याच अवस्थेवर शोधनिबंध लिहिला. माणूस एका कामावरून दुसऱ्याकडे वळला तरी त्याच्या लक्षाचा काही भाग पहिल्या कामातच अडकून राहतो, असं त्यांना आढळलं. मी याला 'लक्षाचा गाळ' म्हणतो. पहिलं काम अर्धवट राहिलं असेल तर हा गाळ जास्त साचतो आणि पुढच्या कामाचा दर्जा घसरतो.

मग हातातलं सगळं संपवूनच उठायचं का? ते तर कुणालाच जमत नाही. इथे मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर यांचा २०११ मधला प्रयोग कामाचा आहे. अपुऱ्या राहिलेल्या गोष्टी मनात घुसून दुसऱ्या कामात व्यत्यय आणतात, पण ती गोष्ट कधी आणि कशी करायची हे नेमकं ठरवलं की त्यांचा त्रास ओसरतो, असं त्यांना दिसलं. काम तसंच पडलेलं, तरी मन निवांत! म्हणून उठण्यापूर्वी 'चार वाजता, दुसऱ्या परिच्छेदापासून' एवढं लिहून ठेवावं. नुसतं 'ईमेल बाकी' लिहून भागत नाही.

मन भरकटल्याचं मुळात लक्षातच यायला हवं, आणि तिथे सजगतेचा, म्हणजे माइंडफुलनेसचा सराव उपयोगी पडतो. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये या सरावाचा कार्यक्रम सुरू केला तो जुनाट दुखण्यांनी बेजार झालेल्या रुग्णांसाठी. ऑफिसांनी तो नंतर उचलला. डोळे मिटले की मन रिकामं झालं पाहिजे, असं समजून अनेकजण दोन दिवसांत नाद सोडतात. खरं तर लक्ष श्वासावर ठेवायचं म्हटलं तरी ते सुटणारच. ते सुटल्याचं कळणं आणि न चिडता परत आणणं, हाच व्यायाम. किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट यांनी २,२५० प्रौढांना फोनवरून दिवसात वेळोवेळी गाठून आत्ता मन कुठे आहे, असं विचारलं. जवळपास ४७ टक्के वेळा ते हातातल्या गोष्टीवर नव्हतं. आणि भटकत असताना लोक सरासरीने कमी आनंदी होते.

आता थोडं कटू. विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. तो अभ्यास २०२४ मध्ये छापून आला. सजगतेचे वर्ग, तणावाची प्रशिक्षणं, अ‍ॅप असल्या उपक्रमांत भाग घेणारे, न घेणाऱ्यांपेक्षा सुखी दिसले नाहीत. ही एका वेळची पाहणी आहे, त्यामुळे ध्यान कुचकामी ठरलं असं म्हणता येत नाही. पण ऑफिसनं एक अ‍ॅप वाटून हात झटकावेत, हे मला तरी पटत नाही.

संशोधक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं की खरा ताण येतो तो कामाचा रेटा मोठा आणि स्वतःच्या हातात काहीच नाही, अशा नोकरीत. वर सांगितलेली चिठ्ठी लिहायला एक मिनिट पुरतं. पण एक मीटिंग संपायच्या आतच दुसरीची हाक येत असेल, आणि तिची वेळ तुम्हाला न विचारता ठरली असेल, तर ते मिनिट तुमच्या हातात नसतं. ते वेळापत्रक लावणाऱ्याच्या हातात असतं.